आरोग्य विद्यापीठ आणि शेतकऱ्याचा उंबरठा

सन २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे काम सरकारने हाती घेतले, तेव्हा महसूल खात्यातील आम्हा कारकुनांना रेकॉर्ड खोलीतील जुनी दप्तरे सोडून बसावे लागले. लाल फडक्यात बांधलेले, कसरीने खाल्लेले ते कागद. काही मोडीत, काही बालबोधीत. आमचे काम जातीचा रकाना पाहण्याचे होते. परंतु जन्ममृत्यूच्या त्या नोंदींमध्ये दुसरा एक रकाना असा होता की, तो नजरेस चुकविता येईना. तो मृत्यूच्या कारणाचा. पटकी, देवी, ताप; पुन्हा ताप, आणि पुन्हा ताप. एका गावच्या पानावर एकाच घरातील तीन मुले नऊ दिवसांच्या आत गेल्याची नोंद होती, आणि तिघांच्याही नावापुढे तो एकच शब्द होता.

कोणता ताप? हिवताप, विषमज्वर की आणखी काही? लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते आणि सांगू शकेल असा कोणी गावात नव्हता. ज्या हातांनी जमिनीचे क्षेत्र गुंठ्याआण्यांपर्यंत आणि आकार पैपर्यंत बिनचूक लिहिला, त्याच हातांनी माणसाच्या मरणाचे कारण एका शब्दात उरकले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. जमीन मोजण्याची विद्या गावापर्यंत पोहोचली होती. रोग मोजण्याची विद्या पोहोचली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे मी सेवानिवृत्त झालो, परंतु तो रकाना मनातून गेला नाही. रोग मोजण्याची ती विद्या आज कोठे असते, ती गावापर्यंत कोणत्या वाटेने येते आणि ती येण्यात आपण शेतकऱ्यांनी काय करावयाचे असते, याचा जो थोडाबहुत विचार झाला, तो वाचकांपुढे ठेवतो.

राहुरी ठाऊक आहे, नाशिक नाही

आपणांपैकी कोणासही विचारावे की, कृषी विद्यापीठ कोठे आहे. तो विनाविलंब राहुरी म्हणून सांगेल. १९६८ साली ते स्थापन झाले. त्याच्याही आधीचे, १९३२ सालचे, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आज त्याच विद्यापीठाकडे आहे. त्या केंद्राने १९९६ साली प्रसारित केलेला को ८६०३२ हा ऊस पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठी ज्याने लावला नाही, असा बागाईतदार विरळाच. राहुरी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाच्या शेतातही राहुरीचे काम उभे असते. २००२ साली उसावर लोकरी मावा पडला, तेव्हा त्यास खाणारे मित्रकीटक फडात सोडण्याचा उपाय शास्त्रज्ञांनी सांगितला आणि शेतकऱ्यांनी तो मनावर घेतला. शिकविणे, शोध लावणे आणि लागलेला शोध बांधापर्यंत नेणे, ही कृषी विद्यापीठाची तीन कामे आपणास पाठ आहेत.

आता दुसरा प्रश्न विचारावा की, आरोग्याचे विद्यापीठ कोठे आहे. येथे बहुतेकजण गप्प राहतील. तेही आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे त्याचे नाव. १९९८ साली ते नाशिक येथे स्थापन झाले. तत्पूर्वी वैद्यकीय महाविद्यालये त्या त्या भागाच्या सर्वसाधारण विद्यापीठांस जोडलेली असत. आपल्याकडील महाविद्यालये १९६२ सालच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. कला, वाणिज्य आणि कायदा यांच्या परीक्षांबरोबरच डॉक्टरांच्याही परीक्षा एकाच छपराखाली होत. रोग्यांशी संबंध येणाऱ्या सर्व विद्यांचा एकत्र विचार व्हावा म्हणून हे निराळे विद्यापीठ काढण्यात आले. ॲलोपॅथी, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा सर्व शाखांची शेकडो महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकीच एक होय. ज्यास आपले आजोबा थोरला दवाखाना म्हणत, तो छत्रपती प्रमिलाराजे दवाखाना याच महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. याखेरीज खुद्द कोल्हापुरात डी. वाय. पाटील एज्युकेशन सोसायटीचे अभिमत विद्यापीठही २००५ पासून आहे.

म्हणजे आरोग्याची विद्या काही समुद्रापलीकडे नाही. ती केव्हाच आपल्या वेशीजवळ येऊन राहिली आहे. मग राहुरी ठाऊक आणि नाशिक अनोळखी, असे का व्हावे? मला याचे कारण असे वाटते की, शेतीच्या बाबतीत आपण पेरणीच्या आधी सल्ला विचारतो, आणि शरीराच्या बाबतीत पीक आडवे झाल्यावर. दुखणे अंगावर काढावयाचे, अगदीच उठवेना म्हणजे दवाखाना गाठावयाचा. तो उपचार नव्हे, तो पीक गेल्यानंतरचा पंचनामा होय. पंचनाम्याने थोडीबहुत भरपाई मिळते. गेलेले पीक परत येत नाही. दवाखाना हे विद्यापीठाचे एक अंग झाले. रोग होऊच नये म्हणून जे करावयाचे ते त्याचे दुसरे अंग, आणि त्या अंगाशी आपला परिचय नाही.

हा विचार जुना आहे

डॉक्टरने दवाखान्यात रोग्याची वाट पाहत बसू नये, त्याने रोगाच्या उगमापर्यंत जावे, हा विचार आजचा नव्हे. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि तिने १९४६ साली आपला अहवाल दिला. समाजाच्या आरोग्याची काळजी वाहणारा डॉक्टर तयार व्हावा, यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस तीत होती.

पुढे १९७७ साली केंद्र सरकारने आणखी एक योजना काढली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी, असे ठरले, आणि त्यासाठी महाविद्यालयांस फिरत्या दवाखान्याच्या मोटारी देण्यात आल्या. योजना चांगली होती. परंतु बहुतेक ठिकाणी ती काही वर्षांतच ओसरली. सरकारी खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसास याचे नवल वाटत नाही. वरून आलेले परिपत्रक खाली कोणी आपले मानले नाही, तर ते फायलीस लागते. ज्यांच्यासाठी मोटारी धावत होत्या, त्या गावांस मोटार कोणत्या वारी येणार आणि कशासाठी येणार, याचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपला आहे असे वाटले नाही. मोटारी थांबल्या तेव्हाही म्हणूनच कोणी विचारले नाही.

सेवाग्रामची रीत

याउलट एक उदाहरण आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यात आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय संस्थान गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. आज ते नाशिकच्याच विद्यापीठास संलग्न आहे. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी एक गाव आपले मानते. पहिल्याच वर्षी सर्व विद्यार्थी त्या गावात मुक्कामास जातात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे नेमून दिलेली असतात. त्या कुटुंबांत किती माणसे, पाणी कोठले, शौचाची सोय काय, जेवणात काय असते, कोणास काय दुखणे आहे, हे सर्व तो लिहून घेतो, आणि पुढेही शिक्षण चालू असेतोपर्यंत त्या घरी त्याचे जाणेयेणे राहते. शरीरशास्त्राच्या पुस्तकाची पाने उलटण्याच्या वयातच शेतकऱ्याच्या ओसरीवर बसण्याची सवय त्यास लागते.

तेथील दुसरी गोष्ट तर आम्हा महसुली माणसांस विशेष आवडावी अशी आहे. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची एक योजना सुरू केली, आणि तिची वर्गणी रोख न मागता ज्वारीत घेतली. सुगीच्या वेळी, जेव्हा घरात धान्य असते, तेव्हा ती द्यावयाची. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यावयाची, ज्याची कमी त्याने कमी. आजारपणात मात्र वागणूक सर्वांस सारखी. गावातील शंभरापैकी पंचाहत्तर घरे सामील झाली तरच ते गाव योजनेत घ्यावयाचे, असा दंडक होता. अवचित आलेल्या दुखण्यास रुग्णालयात पैसा पडत नसे.

शेतसाऱ्याची जी न्याय्य रीत, तीच येथे आरोग्यास लावलेली दिसते. परंतु खरे मर्म पंचाहत्तर घरांच्या अटीत आहे. एकट्या घरास निरोगी राहता येत नाही. शेजाऱ्याच्या दारातील डबक्यावरचा डास आपल्या घरात येण्यास बांधाची खूण पाहत नाही. याकरिता गावाने मिळून पुढे यावे, मगच विद्यापीठाने आणि रुग्णालयाने पुढे यावे, असा तो करार होता. सेवाग्रामची रीत टिकली, कारण तीत दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या.

आमच्या घरचा फेरफार

सेवाग्रामसारखी रीत आता सगळ्या देशास लागू झाली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून असा नियम केला की, एम. बी. बी. एस. च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच खेड्यातील तीन ते पाच कुटुंबे दत्तक घ्यावीत. दत्तक म्हणजे वारसाहक्काचे दत्तक नव्हे. त्या कुटुंबाच्या आरोग्याची माहिती ठेवावयाची, वेळोवेळी भेट द्यावयाची, तपासणी करावयाची, योग्य सल्ला द्यावयाचा आणि गरज पडेल तेव्हा मोठ्या दवाखान्याची वाट दाखवावयाची. परिचर्येच्या विद्यार्थिनी घरोघर जाऊन असे काम पूर्वीपासून करीत आल्या आहेत. आता डॉक्टर होणारासही ते चुकत नाही.

२०२४ साली, मी नुकताच सेवानिवृत्त होऊन गावी राहावयास आलो असता, अशीच एक विद्यार्थिनी आमच्या दारी आली. वय अठरा-एकोणिसाचे. अंगात पांढरा कोट, हातात माहितीचा तक्ता. मी ओसरीवर बसलो होतो. तिने विचारले, "काका, घरात कोणास तंबाखूची सवय आहे का?" मी म्हणालो, "छे, आमच्या घरात व्यसन नाही." माझ्या सदऱ्याच्या खिशात त्या वेळी चंची होती. तिने मुकाट्याने 'नाही' असे लिहून घेतले. "काकूंना काही त्रास?" मी म्हणालो, "काही नाही, जरा पित्ताचे डोके दुखते." तेही तिने लिहिले. चहा घेऊन ती गेली.

पीकपाहणीच्या वेळी शेतकरी विहीर दाखवीत नाही, बागाईत असून जिराईत सांगतो, म्हणून उभी नोकरी ज्याने कपाळावर आठ्या घातल्या, त्याच माणसाने स्वतःच्या दारात खोटी नोंद करविली! याला काय म्हणावे? साऱ्याच्या भीतीने माणूस खोटे बोलतो हे एक वेळ समजते. येथे तर कोणी सारा मागत नव्हते.

दुसऱ्या खेपेस त्या मुलीने आपल्या शिक्षकांसमक्ष घरातील सर्वांचे रक्तदाब मोजले. आमच्या सौभाग्यवतींच्या दंडास पट्टा बांधला, आकडा पाहिला, थोडा वेळ बसवून पुन्हा पाहिला. तो फार वर होता. दोन वर्षे ज्यास आम्ही पित्त समजून आल्याचा रस देत होतो, त्यामागे हे होते. डोके दुखले तरच रक्तदाब, असेही नाही. बहुतेकांचे काहीच दुखत नाही आणि म्हणूनच मोजल्यावाचून तो कळत नाही, असे शिक्षकांनी समजावून सांगितले. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, मीठ आणि लोणचे यांस आळा बसला. आज त्यांची प्रकृती ठीक आहे.

वाचकहो, त्या दिवशी मला माझ्या वडिलांची आठवण झाली. १९९१ साली ते उसाला पाणी पाजीत असता सरीतच कोसळले. अर्धांग झाले, आणि अकराव्या दिवशी गेले. त्यांच्या दंडास जन्मात कधी तो पट्टा लागला नव्हता. मृत्यूच्या नोंदीत काय लिहावयाचे, असे विचारले गेले तेव्हा मीच 'लकवा' म्हणून सांगितले होते. तो लकवा कशाने झाला असेल, हे विचारण्याची अक्कल मला सरकारी पगार खात असूनही नव्हती.

तिसऱ्या खेपेस ती मुलगी आली तेव्हा मी तिला म्हणालो, "पोरी, मागच्या नोंदीत दुरुस्ती कर. तंबाखू : आहे. चाळीस वर्षे." ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने जुना शब्द एका रेघेने खोडला, नवा लिहिला आणि तारीख घातली. नोंदीची दुरुस्ती कशी करावी, हे तिला कोणी शिकविले असेल ते असो, आमच्या खात्यातील कित्येकांस ते साधत नाही. मग तिने माझे तोंड उघडावयास लावून गालाच्या आतील बाजू बॅटरीने पाहिली आणि दंतवैद्याकडे जाण्यास सांगितले. चंची अजून पुरती सुटलेली नाही, हेही येथे खरे लिहितो. पण ती आता लपवीत नाही.

खऱ्या नोंदीचे मोल

कोणी म्हणेल, एका घराच्या नोंदीने काय होते? याचे उत्तर सर्पदंशाच्या उदाहरणाने देता येते, आणि तो तर शेतकऱ्याच्याच वाट्याचा मृत्यू आहे. आपल्या देशात साप चावून किती माणसे मरतात, हे दवाखान्यांच्या कागदांवरून पाहिले तर आकडा लहान दिसे. कारण साप चावलेला माणूस पुष्कळदा दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही. मग संशोधकांनी निराळा मार्ग धरला. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी जाऊन, माणूस कसा गेला, आधी काय झाले, हे घरच्यांस विचारून लिहून घेण्यात आले. अशा लाखो घरांच्या जबान्यांवरून २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लक्ष माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाकाठी सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्यातील. पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले. खरे कारण कागदावर आल्याशिवाय उपायाची बूज राहत नाही, हे यावरून दिसते.

ही विद्या विद्यापीठाकडून उंबरठ्यापर्यंत आली म्हणजे काय मिळते, तेही पाहू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर चालणारे प्रतिविष आपल्या देशात तयार होते. घोड्यांस अल्प मात्रेने विष टोचून त्यांच्या रक्तातून ते काढतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव याबाबत सर्वांस ठाऊक आहे. घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठेनासे होते. डॉक्टर रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवून पाहतो. गोठले नाही तर विष भिनले असे समजून प्रतिविष देतो. इतकी साधी ही परीक्षा आहे. मण्यार मात्र बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावतो. जागेवर सूज नाही, फारशा वेदना नाहीत. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास अडतो. पोटदुखी म्हणून घरी ओवा देत बसणारांचा माणूस अशा वेळी हातचा जातो.

दंश झाल्यास चावलेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीस बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, तोंडाने रक्त चोखू नये. माणसास चालवू नये, धीर द्यावा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात तडक न्यावे. मांत्रिकाकडे जो तास जातो, तो नंतर कोणत्याही किमतीस विकत मिळत नाही. रात्री पाण्याच्या पाळीस जाताना बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट वापरावेत; पावसाळ्यात खाटेवर मच्छरदाणी नीट खोवून निजावे.

दुसरे उदाहरण महापुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली पंचगंगा आणि कृष्णा यांनी आपल्या जिल्ह्यात काय केले, ते सांगावयास नको. पूर ओसरल्यावर चिखलात हात घालणारास लेप्टोस्पायरोसिस या तापाचे भय असते. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातील सूक्ष्म जंतू पाण्यातून, पायाच्या भेगांवाटे अंगात शिरतात. ताप, पोटऱ्या फार दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, ही त्याची लक्षणे. वेळीच औषध मिळाले तर तो बरा होतो. पुरानंतर आरोग्य पथक प्रतिबंधाच्या गोळ्या घेऊन येते, तेव्हा "मला काय धाड भरली आहे" म्हणून त्या वळचणीस खोवून ठेवू नयेत. जुन्या दप्तरातील त्या 'तापा'चे हे एक नाव आहे. आज त्यास नाव आहे आणि औषधही आहे. फक्त कोणीतरी येऊन विचारले पाहिजे आणि आपण खरे सांगितले पाहिजे.

आपणाकडून काय व्हावे

आता शेवटचे. विद्यापीठ आपले काम करील, न करील, त्यावर आपली हुकमत नाही. परंतु आपल्या बाजूची कामे आपल्या हातची आहेत. ती थोडक्यात लिहितो.

पहिले, विद्यार्थी अगर विद्यार्थिनी दारी आल्यास घरातील बायामाणसांस पुढे करावे. बाईचे दुखणे पुरुषाच्या तोंडून सांगितले म्हणजे त्याचे पित्त होते, हा माझा अनुभव वर दिलाच आहे.

दुसरे, व्यसन, फवारणीच्या औषधाने झालेली बाधा, घरातील जुने आजार, मृत्यूची कारणे, यांबद्दल खरे सांगावे. ही नोंद साऱ्यासाठी नाही, ती मुलाबाळांसाठी आहे.

तिसरे, घेतलेल्या माहितीचा हिशेब मागावा. जो सात-बारा आपल्या नावाचा, त्याचा उतारा मागण्याचा आपणास हक्क असतो. तसेच येथेही समजावे. गावात किती जणांस रक्तदाब निघाला, किती जणांस मधुमेह, किती बायांच्या अंगात रक्त कमी, हे माणसांची नावे न घेता ग्रामसभेत सांगण्याची विनंती महाविद्यालयास करावी. विद्यार्थ्याने माहिती नेली आणि गावास काही कळले नाही, तर ते दत्तकविधान एकतर्फी ठरेल. १९७७ च्या मोटारींचे जे झाले, ते न व्हावे असे वाटत असेल, तर हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

चौथे, ज्या गावांस अद्याप कोणी दत्तक घेतले नाही, त्यांनी ग्रामसभेचा ठराव करून जवळच्या वैद्यकीय अगर परिचर्या महाविद्यालयाकडे पाठवावा. राहुरीच्या शास्त्रज्ञांस आपण शेतकरी मेळाव्यास बोलावतो. तसे या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या शिक्षकांस सुगी आटोपल्यावर एक दिवस बोलवावयास काय हरकत आहे?

ही मुले उद्या डॉक्टर होतील. पुष्कळशी शहरात जातील, त्यास आपला इलाज नाही. परंतु वयाच्या अठराव्या वर्षी ज्याने शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या तोंडून त्याचे दुखणे ऐकले, तो पुढे कोठेही गेला तरी शेतकऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहील. त्या दृष्टीने पाहता आपणही त्यास शिकवीत असतो, आणि आपला उंबरठा हाही त्या विद्यापीठाचा एक वर्ग होय.

रेकॉर्ड खोलीतील त्या पानावरील तीन मुलांस आता कोणी काही देऊ शकत नाही. त्यांचे घराणे आज त्या गावात आहे की नाही, याचीही मला माहिती नाही. पण आजपासून शंभर वर्षांनी कोणी कारकून आपल्या गावचे दप्तर सोडून बसेल, तेव्हा आपल्या घराच्या ओळीपुढे त्यास नुसता 'ताप' असा शब्द वाचावयास मिळू नये, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. ती करावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.